पुढचं दार, मागचं दार

पेशंट दवाखान्यातून जातो, पण त्याची गोष्ट मागे राहते. तांब्या, कंगवा, वळकटी, सगळं घरचे आठवणीने उचलतात. गोष्ट कोणी उचलत नाही. ती झाडणारीच्या वाट्याला येते. मी बावीस वर्षं झाडलं. आता बोला!

आमचा दवाखाना दहा खाटांचा, तापीच्या अलीकडे, बाजाराच्या गावात. डॉक्टर एकच, त्र्यंबक कंपाउंडर एकच, आणि तिसरी मी, कौतिक. सगळे मला मावशी म्हणायचे, नाहीतर कौतिकबाय. झाडणं, भांडं देणं, अंग पुसणं आणि कोणी नसलं की खाटेपाशी बसणं, ही माझी कामं. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण आजारी माणसांची तोंडं इतकी पाहिली की पुढचं मला आधी कळायचं. हे माझी नात लिहून घेते आहे, म्हणून एवढं सरळ दिसतंय. आमच्या तिघांत बोलणं सगळं अहिराणी, म्हणजे 'आहे'ला 'शे' आणि 'आला'ला 'उना'.

दवाखान्याला दारं दोन. पुढचं बाजारात उघडायचं. बरा झालेला माणूस त्या दाराने जायचा, उंबऱ्याशी नारळ फोडायचा, सगळ्यांना खोबरं वाटायचा. मागचं दार निंबाखाली उघडायचं. तिथे बैलगाड्या सोडलेल्या असायच्या. ज्याचं आता काही होणार नाही, त्याला त्या दाराने घरी न्यायचे, स्वतःच्या जमिनीवर डोळे मिटायला. नारळ नाही, बोलणं नाही, मागे वळून बघणं नाही. हा नियम कोणी केला ते मला माहीत नाही. डॉक्टरांनी तर नक्कीच नाही केला.

सगळी भानगड या मागच्या दाराची होती बघा. आमच्याकडची म्हातारी माणसं मरणाला फार भ्यायची नाहीत. लोखंडी खाटेवर मरायला मात्र सगळी भ्यायची! त्यांचं मागणं एकच, घरी न्या. पण मागचं दार उघडा, हे बोलायचं कोणी? मुलगा म्हणायचा, डॉक्टर सांगतील. डॉक्टर म्हणायचे, घरचे विचारतील. दोघं एकमेकांची वाट बघायचे, आणि खाटेवरचा माणूस दोघांची.

*

एकदा सुरतेहून रेल्वेने ऑक्सिजनचं नळकांडं आलं. डॉक्टर असे खुश, जसं घरात पहिलं नातवंड आलं! पण नळकांडं एकच. म्हणून ते जपून ठेवायचे आणि अगदी शेवटी लावायचे. शेवटी लावलं तर माणूस जाणारच, त्यात नळकांड्याचा काय दोष? पण लोकांनी पाहिलं ते एवढंच, की नळकांडं आलं आणि माणूस गेला. चार वेळा असं झालं. पाचव्या वेळेपासून त्या चाकाच्या गाड्याची कुरकुर ऐकू आली की सगळा वॉर्ड एकदम बरा व्हायचा! लोळणारे उठून बसायचे. कण्हणारे गप्प. एक जण तर मला बघून भजन म्हणायला लागला, म्हणजे दम चांगला आहे हे कळावं!

मग रहीमचाचा आले. भांड्यांना कलई करायचे, जन्मभर धुरात बसलेले. दम असा लागलेला की छातीचा भाता व्हायचा. डॉक्टर म्हणाले, नळकांडं आणा. चाचांची बायको दारात आडवी! "नहीं लगाना! घर ले चलो!"

चाचांनी हाताने खूण केली, जवळ आणा. मग बोटाच्या पेराने नळकांड्यावर टक टक वाजवून पाहिलं, जसं गिऱ्हाईकाचं पातेलं तपासावं. पितळी तोटी फिरवून पाहिली. आणि दम खात खात बायकोला म्हणाले, "बर्तन पक्का है। मौत का फ़रिश्ता इसमें कैसे घुसेगा? हवा को ही जगह नहीं है!"

आठव्या दिवशी चाचा पुढच्या दाराने चालत गेले. नारळाऐवजी खजूर वाटला.

झालं! त्या दिवसापासून सगळ्यांना नळकांडं पाहिजे! म्हसावदचे एक पाटील पाय मुरगळून आले, म्हणे आधी नळकांडं लावा. डॉक्टर म्हणाले, "अहो, ते श्वासासाठी असतं. नाकाला लावतात."

पाटील म्हणाले, "मंग नाकले लावा ना! पायपर्यंत जाई आपोआप!"

हसू नका. यात एक वाईट झालं. निंबाखाली गाडी जुंपलेली, म्हातारा घरी जायला डोळे लावून बसलेला, आणि कोणीतरी चुलता ओरडायचा, "थांबा! अजून नळकांडं कोठे लावलं?" की बैल पुन्हा सोडायचे.

*

खापर गावाच्या वरून, डोंगरातून, डेमादादाला त्याच्या दोन मुलांनी आणलं. बांबूला झोळी बांधून, खांद्यावर, दोन दिवस चालत. पोट असं फुगलेलं. माझं माहेर अक्कलकुव्याकडचं, म्हणून त्यांची बोली मला येते. डॉक्टर सांगायचे ते मी त्यांच्या बोलीत सांगायची.

त्या वेळी डॉक्टरांनी कधी नव्हे ते स्पष्ट सांगितलं, "इथे काही होणार नाही. म्हातारा डोंगर मागतोय, त्याला वर न्या."

मी सांगितलं. मोठा मुलगा म्हणाला, "दोन दिवस खांद्यावर आणला. असाच परत नेला, तर आमचे दोन दिवस कुठे गेले?"

दुसऱ्या दिवशी विचारलं. म्हणाला, "आता तीन झाले. तीन दिवस वाया घालवू?" चौथ्या दिवशी म्हणाला, "आता तर पाच झाले." म्हणजे बघा, जितके जास्त दिवस वाया जात होते, तितकं निघणं अवघड होत होतं!

सहाव्या दिवशी म्हाताऱ्याने मला बोलावलं. मुलांनाही समोर बसवलं. म्हणाला, "तुम्ही चाललात, पण हाडं माझी हलली. तुमचे दिवस गेले ते गेले. माझे जे दोन राहिलेत, ते तुम्ही त्यांच्यात का टाकता?"

मोठ्या मुलाने तोंडावर हात धरला. धाकटा उठला आणि नवा बांबू तोडायला गेला.

पुढच्या बाजाराला मोठा मुलगा दिसला. मोहाच्या फुलांची पुडी दिली मला. मी विचारलं, पोचला का रे वर? म्हणाला, "पोचला. उतरायला दोन दिवस लागले होते, चढायला दीडच लागला. बाप झोळीतून सारखा म्हणत होता, हळू चाला रे, मला घाई नाही."

*

हा लहानसाच किस्सा आहे, पण त्र्यंबक कंपाउंडरची खोड कळेल.

एका बैलांच्या व्यापाऱ्याच्या पोटात गाठ निघाली. धुळ्याला नेऊन ऑपरेशन करायचं की घरी न्यायचं, एवढाच प्रश्न. डॉक्टरांनी मोठ्या मुलाला खोलीत घेऊन सांगितलं, "यात दहांतले चार उठतात." तो छाती फुगवून बाहेर आला. त्याच वेळी ओसरीवर धाकट्याने त्र्यंबकला विचारलं, आणि त्र्यंबक काढ्याची बाटली हलवत म्हणाला, "दहांतले सहा नाही उठत." धाकटा रडायलाच लागला.

मग दोघं भाऊ भिडले! एक म्हणे, चार उठतात, तू बापाला मारायला निघालास! दुसरा म्हणे, सहा मरतात, तू बापाला मारायला निघालास! मी मध्ये झाडू घेऊन उभी.

आतून म्हाताऱ्याने हाक मारली, "कौतिकबाय, कसाना झगडा शे?"

मी सांगितलं. त्याने बोटांवर हिशेब केला. जन्म बैलबाजारात गेलेला! हसला आणि म्हणाला, "अवं, बैल एकच शे! एकनी शेपटी धरी, दुसऱ्यानी शिंगं! आणि दोन्हीस्ले सांग, बैललेबी एक डाव विचारा!"

मी बाहेर जाऊन शब्दन् शब्द सांगितला. तोवर तीन दिवसांत त्याला कोणीच विचारलं नव्हतं. विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं, आणि गाडी निंबाखालूनच निघाली.

*

आता डॉक्टरांची गोष्ट. माणूस देवासारखा, पण त्यांच्या डोक्यात एक बाई बसली होती. सोनाबाई तिचं नाव. पपया विकायची.

नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी डॉक्टरांनी तिला तापात पाहिलं आणि सांगितलं, घरी न्या. मागच्या दाराने नेली. घरच्यांनी लाकडं फोडून ठेवली म्हणतात. आणि सहा महिन्यांनी हीच बाई डोक्यावर पपयांची पाटी घेऊन पुढच्या दाराने आत! डॉक्टरांच्या हातातला कागद खाली पडला. अर्धे लाजले, अर्धे आनंदले. ती पपई कापून त्यांनी स्वतःच्या हाताने सगळ्या वॉर्डात वाटली.

पण त्यानंतर झालं काय, की कोणाच्या घरच्यांनी भीत भीत विचारलं, "साहेब, आता घरी नेऊ का?" की डॉक्टर खुर्ची ओढायचे. "धीर सोडू नका. एक बाई होती..." आणि सोनाबाईची गोष्ट पहिल्यापासून! ऐकणारा काय करील? त्याला वाटायचं, आपलीपण सोनाबाई होईल. मग दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस, आणि मग खाटेवरच. जे गेले त्यांची नावं डॉक्टरांना आठवायची नाहीत. जी वाचली तिची पपई मात्र रोज आठवायची. त्या एका पपईने किती जणांची वाट अडवली, ते मला माहीत आहे. मीच त्यांची तोंडं पुसली.

मी एकदा म्हटलंसुद्धा, "साहेब, सोनाबाई एकच ना?" ते म्हणाले, "एक तर एक, पण झाली ना?"

पुष्कळ वर्षांनी एक म्हातारी आली. सुकून वाळका शेंगदाणा झालेली. दोन दिवस ती म्हणत होती घरी न्या, सून म्हणत होती डॉक्टरांना विचारू. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खुर्ची ओढली. मी ओळखलं, आता पपई येणार. आली!

"आजी, धीर सोडू नका. एक बाई होती. ताप असा होता, मीच तिला घरी पाठवलं होतं..."

म्हातारीने डोळे उघडले. "डॉक्टरसाहेब, ती मीच शे ना!"

डॉक्टरांनी चष्मा काढला, लावला, पुन्हा काढला.

ती म्हणाली, "तवय तुम्ही चुकनात, म्हणून मी वाचनी. आते चुकू नका. मले घर लई जाऊ द्या."

मागच्या दाराची कडी गंजलेली होती. ती डॉक्टरांनी स्वतः दगडाने ठोकून काढली. पपईची गोष्ट पुन्हा कधी ऐकू आली नाही.

*

आता माझंही सांगते. नाहीतर म्हणाल, कौतिकबाय सगळ्यांची झाडते, स्वतःचा कोपरा ठेवते!

मला फार गर्व होता. पावलं चाचपायची, नाकाचा शेंडा बघायचा आणि सांगायचं, हा आज जातो, तो परवा जातो. बरोबर निघालं की मी सगळ्या गल्लीत सांगायची. चुकलं की मी कामात असायची! त्यामुळे माझं कधी चुकत नाही, असं लोकांना वाटायला लागलं. खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलं. लोक डॉक्टरांना सोडून मला विचारायचे, "मावशी, न्यायचं का?"

दगाजी नावाचा शेतकरी तापाने आला. डोळे मिटलेले, बोलणं बंद. मी पावलं धरली. बर्फ! मुलांना बाजूला घेतलं आणि ठासून सांगितलं, "आजच न्या. उद्यावर टाकू नका."

त्यांनी ऐकलं! गाडीत घालून नेला. जमीन सारवली, त्याला खाली घेतला. चार गावांचे सोयरे जमले. जावई आले. न्हावी धोकटी घेऊन अंगणात बसला, कारण नंतर सगळ्यांची डोकी करायची. बायकांनी रडायला सुरुवात केली. तेवढ्यात दगाजीने डोळे उघडले. सगळ्यांकडे पाहिलं. मग न्हाव्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू उनाच शे, तं मन्ही दाढी करी टाक!"

इकडे त्र्यंबक मला विचारत होता, "मावशी, त्याला का पाठवलं? ताप तर उतरत होता."

"पाय गार होते!"

"मावशी, जरा आधी मीच त्याचे पाय गार पाण्याने पुसले होते!"

दगाजी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. दर बाजाराला दवाखान्याच्या पुढच्या दारात उभा राहायचा, धोतर गुडघ्यापर्यंत वर करायचा आणि सगळ्या बाजारासमोर ओरडायचा, "कौतिकबाय! पाय देखी ले! थंडा शे का? निघू का मी?"

त्यानंतर मी पावलं चाचपणं सोडलं. माणसालाच विचारू लागले, काय पाहिजे. ते जास्त बरोबर निघायचं.

*

भागाबाईची गोष्ट थोडी टोचणारी आहे. तिला लकवा झाला होता आणि चार वर्षं तिची मुलगी लीला सगळं करत होती. न्हाऊ घालणं, कूस बदलणं, भरवणं. दवाखान्यात आणल्यावर आठव्या दिवशी आई म्हणाली, लीला, चल घरी. लीलाने ऐकलं. डॉक्टरही हो म्हणाले. गाडी जुंपली.

तेवढ्यात सुरतेचा मुलगा पॅसेंजरने उतरला. मिलमध्ये होता. सहा वर्षांत आला नव्हता. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पेटी, आणि आल्या आल्या आवाज! "घरी? कोणी सांगितलं घरी? रक्त चढवा! इंजेक्शन द्या! सगळ्यात भारी असेल ते द्या! माझ्या आईला मी असं जाऊ देणार नाही!"

लीलाला म्हणाला, "तू कंटाळलीस, म्हणून तिला घालवायला निघालीस!"

लीलाने आईच्या अंगावरची चादर सारखी केली. चार वर्षं जागलेली बाई ती, बोलायला ताकद कुठली? डॉक्टर गडबडले. बैल सुटले. त्र्यंबक सुई उकळायला ठेवायला गेला.

भागाबाईचं अर्धं तोंड वाकडं, पण अर्ध्या तोंडाने ती पूर्ण बोलायची. डोळे न उघडता म्हणाली, "लीला, कोण ओरडी ऱ्हायना?"

"भाऊ उना माय. सुरतहून."

म्हातारी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ती सुई त्याले टोचा. दुखणं त्याले शे."

तो मुलगा तिथेच, खाटेच्या पायथ्याशी, इस्त्रीच्या कपड्यांत फरशीवर बसला. आईची पावलं छातीशी धरली आणि असा रडला की शेजारच्या खाटेवरचेही रडायला लागले. ऊन उतरायच्या आत बैल पुन्हा जुंपले. गाडी त्यानेच हाकली. लीला मागे आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि चार वर्षांत पहिल्यांदा बसल्या बसल्या झोपली होती.

*

आता जमनामायची सांगते, म्हणजे झालं.

गुजर घरची बाई. तापीकाठी मोठं शेत, कापूस, मिरची. नवरा लवकर गेला, तेव्हापासून घर तिच्या बोटावर. मोठा मुलगा नरोत्तम, धाकटा मगन. दोघं मिशीवाले बाप्ये, पण आईसमोर आवाज निघायचा नाही.

पोटात दुखतं म्हणून आणली. डॉक्टरांनी तपासलं आणि दोघा भावांना खोलीत घेऊन सांगितलं, "गाठ पसरली आहे. महिना, फार तर दोन." नरोत्तम म्हणाला, "मायले सांगू नका. ती खचेल." मग काय, सगळ्यांनी ठरवलं, पोटात वायू धरलाय! डॉक्टर म्हणाले वायू, त्र्यंबक म्हणाला वायू. मीही ओव्याचं पाणी घेऊन गेले.

जमनामाय ते पाणी प्यायली. ग्लास परत देताना माझं मनगट धरलं. "कौतिक, मी फार दिननी नही. मले माहित शे. पण पोरेस्ले सांगू नको. मगन हळवा शे, तो खचेल."

घ्या! दोन्हीकडचं गाठोडं माझ्याच डोक्यावर.

तिला घरी जायचं होतं. अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या, सगळं अंगण लालभडक. आपल्या ओसरीवर, त्या मिरच्यांसमोर आपलं व्हावं, एवढीच तिची इच्छा. मुलांना म्हणाली, घर चला. मुलं म्हणाली, "बरी व्हई जा, मंग लगेच जाऊ!" मागच्या दाराने न्यायचं तर आईला कळेल, ही त्यांची भीती. आणि आईने मागचं दार मागायचं तर मुलांना कळेल, ही तिची. असे चार दिवस गेले. ती दिवसागणिक उतरत होती. आणखी चार दिवस गेले असते, तर गाडीत बसवता आली नसती.

पाचव्या दिवशी सकाळी मी झाडायला गेले, तर जमनामाय उठून बसलेली! केस विंचरलेले, डोक्यावर पदर नीट घेतलेला. "कौतिक, भाकर लय. भूक लागनी."

अख्खी भाकरी खाल्ली. म्हणजे मुलांना तसं दिसलं. मी नंतर तिला उठवलं तेव्हा सगळे तुकडे तिच्या लुगड्याच्या घोळातून पडले. मी ते उचलले आणि निंबाखाली बैलांना घातले.

मग ती चालली! माझ्या खांद्यावर हात ठेवून, हसत, विहिरीपर्यंत आणि परत. वाटेत त्र्यंबकला दम दिला, "कंपाउंडर, तुन्ही बाटली धुवाले कोणी सांगस का नही?" मुलं बघतच राहिली. तिच्या नखांचे वळ माझ्या खांद्यावर चार दिवस होते.

डॉक्टर आले. "कसं वाटतंय?"

"दुखणं गया! तुम्हना हातले यश शे!"

डॉक्टरांनी पोट दाबलं. ती हसली. वरच्या ओठावर घामाचे थेंब आले, तरी हसतच होती. डॉक्टरांनी हात काढला. तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी झाडूकडे पाहिलं.

त्यांनी कागदावर डिस्चार्ज लिहिलं. त्र्यंबक म्हणाला, "साहेब, पण..."

"त्र्यंबक, नारळ आण."

नरोत्तमने पुढच्या उंबऱ्याशी नारळ फोडला. दोन घाव लागले. मगन मोठमोठ्याने हसत होता. जमनामायने खुर्चीत बसून स्वतःच्या हाताने खोबरं वाटलं. मला मोठा तुकडा. गाडीत गादी घातली. चढताना सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "सुना मिरच्या उलटावत नहीत! सडी जातीन!"

तीन आठवड्यांनी ती गेली. तेरावं झाल्यावर दोघं भाऊ मिरच्यांचं पोतं घेऊन दवाखान्यात आले. सांगत होते, शेवटपर्यंत ओसरीवर पडून काठीने सुनांना दाखवायची, ती उलटा, ती उलटा. आदल्या दिवशी म्हणाली मले खाले ल्या, जमिनीवर घेतली. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर पाणी मागितलं, प्यायली आणि गेली. नरोत्तमने डॉक्टरांचे पाय धरले. "तुम्ही मायले बरी करी."

डॉक्टर म्हणाले, "हो." आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मगन पोतं उतरवायला गेला, तसा नरोत्तम माझ्यापाशी आला. आवाज एकदम खाली. "मावशी, मले पहिल्या दिनपाईन माहित व्हतं. ती बरी व्हयेल नव्हती. तिले पुढला दारनी जावानं व्हतं, म्हणून मी नारळ फोडा. पण मगनले सांगू नको. तो हळवा शे."

मी म्हटलं, नाही सांगत.

मी मागे निंबाखाली भांडी घासायला गेले. थोड्या वेळाने मगन आला. इकडे तिकडे पाहिलं. उपरण्याने डोळे पुसले आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"मावशी, एक सांगू? ती भाकर तिनी खाधी नव्हती. मी लुगडाना घोळमा देखी व्हती. मले सगळं माहित व्हतं."

माझा हात भांड्यातच राहिला.

"पण भाऊले सांगू नको," मगन म्हणाला. "त्याले अजून वाटस, माय बरी व्हईसन घर उनी."